अकरा वर्षांची नोकरी सोडून काही महिने प्रवासाला निघावे का, आणि पुढची सुरुवात कशी करावी?

प्रश्न : अर्धविराम

नमस्कार. माझे वय ३८ आहे. गेली अकरा वर्षे मी एकाच कंपनीत आहे आणि त्यातली शेवटची चार वर्षे एका मोठ्या ग्राहकाच्या कामाची सगळी जबाबदारी माझ्यावर आहे. काम मला मनापासून आवडत होते हे आधीच सांगते, कारण पुढचे वाचून मी पहिल्यापासूनच नाखूश होते असा कोणाचा समज होऊ नये. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातली तीन माणसे सोडून गेली, त्यांच्या जागी एकच माणूस आला आणि काम मात्र तेवढेच राहिले. तेव्हापासून आठवड्याला साठ-पासष्ट तास सहज भरतात. रात्री सव्वातीनच्या सुमारास जाग येते आणि डोळे उघडताक्षणी कोणाच्या तरी ईमेलचे उत्तर द्यायचे राहिले आहे हे आठवते. सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावली की मी लगेच उतरत नाही, किल्ली हातात धरून बसून राहते. पूर्वी दोन मिनिटे बसत असे, आता वीस मिनिटे जातात. गेल्या महिन्यात एके दिवशी मी तशीच गाडी वळवून घरी आले आणि बरे नाही असे कळवले. ते खोटे नव्हते, पण नेमके काय बरे नाही, असे कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते.

माझा विचार असा आहे की येत्या तीन महिन्यांत राजीनामा द्यावा, सहा ते आठ महिने प्रवास करावा आणि परतल्यावर याच क्षेत्रात न जाता शिकवण्याच्या कामाकडे वळावे. डोक्यावर कर्ज नाही. आजच्या खर्चाच्या मानाने चौदा महिने पुरेल इतकी शिल्लक आहे. आई माझ्याजवळ राहते. तिची तब्येत वयाच्या मानाने ठीक आहे आणि मी नसताना माझ्या घरी येऊन राहायला धाकटा भाऊ आनंदाने तयार आहे. मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, आणि थकवाच असेल तर बिनपगारी रजा घ्यावी. त्यांचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटत नाही, म्हणूनच अडकले आहे.

ज्यांनी स्वतः असे काही केले आहे त्यांना विचारायचे आहे. हे पळून जाणे आहे की नाही, हे आपले आपण कसे ओळखावे? रजा पुरते की राजीनामाच द्यावा लागतो? आणि नव्या कामाची दिशा प्रवासात खरोखर सापडते का? कृपया जरा सविस्तर लिहावे.


उत्तर : पायवाट

तुम्ही पार्किंगबद्दल लिहिले आहे तिथे मी वाचता वाचता थांबलो. माझ्या बाबतीत ती जागा जिन्यात होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधल्या वळणावर मी रोज उभा राहत असे. सहा वर्षांपूर्वी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, विक्री विभागातली नोकरी सोडून मी नऊ महिने बाहेर होतो, त्या अनुभवावरून लिहितो.

नोकरी सोडणे आणि प्रवासाला जाणे हे दोन वेगळे निर्णय आहेत, पण थकलेले मन त्यांची एकच मोट बांधते. मला एका जुन्या सहकाऱ्याने दोन प्रश्न विचारले होते. प्रवास शक्यच नसता, तरीही ही नोकरी सोडली असतीस का? आणि नोकरी उत्तम चालली असती, तरीही या प्रवासाला निघाला असतास का? पहिल्या प्रश्नाला मी क्षणात ‘हो’ म्हणालो. दुसऱ्याचे उत्तर द्यायला आठवडा लागला आणि ते ‘बहुधा नाही’ असे आले. नोकरी सोडण्याची मला गरज होती, हे त्यातून स्पष्ट झाले होते. प्रवास मात्र, इतरांनी तसे केलेले ऐकले होते म्हणूनच डोक्यात आला होता. हे उत्तर मी तेव्हा मनावर घेतले नाही आणि त्याची किंमत पहिल्या महिन्यात मोजली.

त्या महिन्यात मी बावीस दिवसांत पाच शहरे पाहिली. प्रत्येक दिवसाचा तासवार तक्ता केला होता. रात्री झोपण्यापूर्वी काय पाहायचे राहिले याची यादी करायचो, आणि ऑफिसातल्या तुंबलेल्या कामांची यादी जशी टोचायची तशीच हीसुद्धा टोचायची. फोन खोलीवर ठेवून बाहेर पडलो, तरी खिशात तो थरथरल्याचा भास होई. तेविसाव्या दिवशी तापाने पडलो आणि पुढचे नऊ दिवस जवळजवळ झोपून काढले. मला हवी असलेली विश्रांती त्या नऊ दिवसांत मिळाली, आणि ती घरच्या घरीही मिळाली असती. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की राजीनाम्यानंतरचा पहिला महिना कुठेही जाऊ नका. झोपा, डॉक्टरांकडे जाऊन या, आईबरोबर राहा. तिकीट त्यानंतर काढा.

बरा झाल्यावर मी उत्तर स्पेनमधली सांतियागोची जुनी यात्रावाट चालायचे ठरवले. तिचा सर्वांत परिचित मार्ग फ्रान्सच्या हद्दीतल्या सें-झां-प्ये-द-पोर या गावापासून निघतो आणि सुमारे ७८० किलोमीटर चालून सांतियागो दे कोंपोस्तेलाच्या कॅथेड्रलपाशी संपतो. मी धार्मिक कारणाने गेलो नव्हतो. तिथे रोज ठरवायच्या गोष्टी फार थोड्या असतात, एवढ्याच ओढीने गेलो. दगडांवर, झाडांवर, भिंतींच्या कोपऱ्यांवर पिवळे बाण रंगवलेले असतात. बाण दाखवील तिकडे चालायचे, दुपारनंतर यात्रेकरूंच्या निवासात पोचून यात्रापुस्तिकेवर शिक्का मारून घ्यायचा, कपडे धुवायचे आणि झोपायचे. वर्षानुवर्षे दिवसाला शंभर बारीकसारीक निर्णय घेत आलेल्या माणसाला हे किती हलके वाटते, ते चालल्याखेरीज कळणार नाही.

पहिल्याच दिवशी पिरिनीज पर्वत ओलांडावा लागतो. सुमारे पंचवीस किलोमीटरची चाल आणि त्यात बाराशे मीटरहून अधिक चढ. त्या रात्री रोन्सेसवायेसच्या निवासात मी सॅक खाटेवर उपडी केली. तीन जाड पुस्तके, लॅपटॉप, त्याचा चार्जर, दोन वह्या आणि ‘कुठे मुलाखतीला जावे लागले तर’ म्हणून घडी घालून आणलेला पांढरा शर्ट. त्या शर्टाकडे मी बराच वेळ पाहत बसलो. तिसऱ्या दिवशी पांप्लोना शहरात पोचल्यावर टपाल कार्यालयात जाऊन साडेचार किलोचे पार्सल केले आणि ते पुढे सांतियागोला पाठवून दिले.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. चालताना मला दिशा सापडली नाही. छत्तीस दिवस चाललो आणि पुढे काय करायचे हे पोचल्यावरही मला ठाऊक नव्हते. पण वाटेवरच्या एका निवासात एक वयस्क स्वयंसेविका होती. दारात आलेल्या प्रत्येकाला ती आधी खुर्चीवर बसवी, पाणी देई, बूट काढायला लावी, आणि नाव, पासपोर्ट, शिक्का हे सगळे त्यानंतर. मी दीड तास तिचे काम पाहत बसलो होतो. परत आल्यावर काही महिन्यांनी एका वृद्धनिवासात मदतनीस म्हणून जायला लागलो, तेव्हा ती खुर्ची सारखी आठवे. आज मी अशाच एका निवासाचे व्यवस्थापन पाहतो. पगार पूर्वीच्या निम्म्याहून थोडा अधिक आहे आणि त्याची झळ घरात पहिली दोन वर्षे चांगलीच लागली, हेही सांगितले पाहिजे.

तुम्हाला शिकवायचे आहे, तर निघण्यापूर्वीच आठवड्यातून दोन तास कोणाला तरी शिकवून पाहा. आत्ताच्या थकव्यातही त्या दोन तासांनंतर जीव थोडा वर येत असेल, तर तुमची दिशा ठरलेली आहे आणि ती शोधण्याचे ओझे प्रवासावर टाकायला नको.


उत्तर : निरभ्र

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते. तुमचे वर्णन वाचून निदान करणे योग्य नाही आणि मी ते करणार नाही, मात्र काही गोष्टी तुम्हाला माहीत असाव्यात असे वाटते.

कामाने माणूस आतून जळून जातो या अर्थाने ‘बर्नआउट’ हा शब्द मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली वापरला. जागतिक आरोग्य संघटनेने रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याला स्थान दिले आहे, पण आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून. तिची तीन लक्षणे तिथे सांगितली आहेत : शक्ती संपून गेल्याची जाणीव, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना. नैराश्याची लक्षणे यांच्याशी बरीच मिळतीजुळती असतात. फरक शोधताना आम्ही असे विचारतो की कामाबाहेरच्या ज्या गोष्टींत पूर्वी आनंद वाटे, त्यांत तो अजून वाटतो का. तिथेही सगळे फिके झाले असेल, तर नोकरी सोडून ते जाणार नाही, आणि परक्या गावात, एकटीने, औषधपाण्याविना ते वाढू शकते. पहाटे तीनची जाग ही दोन्हींत आढळते. म्हणून राजीनाम्याच्या आधी डॉक्टरांना भेटा.

साठ-पासष्ट तासांविषयीही सांगते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला. तेव्हा तुम्ही जे सोडू पाहत आहात त्याला घरच्यांनी ‘हातचे’ म्हणताना हेही त्यांच्यासमोर असू द्यावे.

प्रवासाबद्दलची अपेक्षा मात्र जरा आवरती ठेवा. नेदरलँड्समधल्या १,५३० प्रौढांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला होता. सुट्टीवर जाणारी माणसे जाण्यापूर्वी इतरांपेक्षा अधिक आनंदी होती. परतल्यावर मात्र, ज्यांनी आपली सुट्टी अतिशय निवांत गेली असे सांगितले तेवढे वगळता, न गेलेल्यांत आणि त्यांच्यात फरक उरला नव्हता.


उत्तर : हिशेबवही

वरच्या दोघांनी मनाचे आणि शरीराचे लिहिले आहे, मी पैशांचे आणि कागदपत्रांचे लिहितो.

चौदा महिन्यांची शिल्लक म्हणजे चौदा महिने मोकळीक, असे तुम्ही धरले असावे. पण तुम्ही प्रवासात असाल तेव्हा आई घरीच असेल, म्हणजे घरखर्चातला मोठा भाग थांबणार नाही आणि प्रवासाचा खर्च त्याच्यावर चढेल. शिवाय परतल्यावर शिकवण्याचे काम मिळेपर्यंत, कदाचित एखादा अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत, निदान सहा महिने पगाराविना जातील असे धरावे. आजारपण किंवा अचानक परत येणे यासाठी दोन महिन्यांचा खर्च बाजूला असावा आणि त्याला कोणत्याही कारणाने हात लावू नये. राहिले सहा. प्रवासाच्या काळात दर महिन्याला घरचा आणि तुमचा मिळून सध्याच्या दीडपट खर्च झाला, तरी हे सहा महिन्यांचे पैसे चार महिन्यांत संपतात. त्यामुळे सहा-आठ महिन्यांऐवजी चार महिन्यांचा बेत करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

कंपनीचा आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी नोकरीच्या शेवटच्या दिवसाबरोबर किंवा त्यानंतर लवकरच संपतो. स्वतःचा आणि आईचा विमा राजीनामा देण्यापूर्वी घ्यावा, कारण नव्या विम्यात जुन्या आजारांसाठी बहुधा प्रतीक्षाकाळ असतो. दातांचे, डोळ्यांचे काम आणि तपासण्या आत्ताच उरकून घ्या. प्रवासविमा वेगळा लागतो, आणि त्यात रुग्णालयाच्या खर्चाबरोबर तातडीने मायदेशी आणण्याची सोय आहे का, हे बारीक अक्षरातही वाचून घ्यावे.

व्हिसाचे तर आधी पाहाच. अनेक देशांना पासपोर्टची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून आणखी सहा महिने असावी लागते. युरोपातल्या शेंगेन देशांत अल्पकाळाच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, आणि ही मोजणी सर्व शेंगेन देश मिळून होते, प्रत्येक देशाची वेगळी नव्हे. नोकरी सोडल्यानंतर अर्ज करताना ‘नोकरी’ या रकान्यात खरे तेच लिहावे आणि शिल्लक, परतीचे तिकीट, घरची जबाबदारी यांचे पुरावे जोडावेत. राजीनामा ठरलेला असताना नोकरीचे पत्र जोडून व्हिसा मिळवणे ही दिशाभूल ठरते आणि पुढच्या अर्जांवर तिची सावली पडते. पर्यटक म्हणून गेल्यावर तिथे काम करता येत नाही. लॅपटॉपवरून दुसऱ्या देशातले काम करण्यासाठी एस्टोनियाने २०२० साली वेगळा व्हिसा सुरू केला आणि नंतर इतर अनेक देशांनी तसे केले, पण त्यांत ठरावीक मासिक उत्पन्नाची अट असते. सुट्टी आणि काम एकत्र करू देणारे व्हिसा बहुतेक ठिकाणी वयाच्या तिशीपर्यंत, काही ठिकाणी पस्तिशीपर्यंतच मिळतात, त्यामुळे तो मार्ग तुम्हाला नाही.

शेवटी, कार्यालयातून अनुभवाचे पत्र, कार्यमुक्तीचे पत्र आणि सर्व देणी चुकती झाल्याचा कागद हातात पडल्याशिवाय निघू नका. परक्या देशातून हे कागद मागवणे फार त्रासाचे होते. नोटीस पिरियडमध्ये हँडओव्हरची फाइल नीट करून द्या. चार महिन्यांनी तुम्हाला शिफारस लागेल तेव्हा ती फाइल वापरणारा माणूसच तुमच्याविषयी चांगले बोलेल.


उत्तर : सावकाश

रजेबद्दल मी सांगू शकते, कारण मी दोन्ही करून पाहिले आहे. पहिल्यांदा तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेतली, खूप बरे वाटले, रुजू झाले, आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तीच अर्धवट झोप सुरू झाली. रजेच्या काळात माझे काम कोणीच केले नव्हते, ते तसेच्या तसे माझ्यासाठी ठेवले होते. वर्षभराने राजीनामा दिला. तेव्हा घरच्यांचा सल्ला मानायचा असेल, तर रजा मागतानाच तुमच्या हाताखाली किती माणसे येणार आणि ती कधी येणार, हे लेखी घ्या. लेखी द्यायची त्यांची तयारी नसेल, तर रजेचा प्रश्न तिथेच मिटतो.

दुसरे आईविषयी. मी प्रवासात असताना चौथ्या महिन्यात वडील घरात घसरून पडले आणि मला दोन दिवसांत परतावे लागले. भाऊ सगळे बघत होता, तरी मला तिथे राहवले नाही. माझे परतीचे तिकीट तारीख बदलता येण्याजोगे नव्हते. तुम्ही घ्याल ते तसे असू द्या, थोडे महाग पडले तरी चालेल. आणि भावाकडे औषधांची यादी, डॉक्टरांचे नंबर आणि विम्याची कागदपत्रे नुसती सांगून ठेवू नका, एका पिशवीत घालून द्या.


अर्धविराम (प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दहा दिवस लिहिले नाही, कारण तुम्ही सांगितलेले थोडे करून मगच लिहायचे होते.

डॉक्टरांना भेटले. रक्तदाब वाढलेला निघाला, त्याचे औषध सुरू झाले आहे, आणि झोपेसाठी समुपदेशनाच्या सहा भेटी ठरल्या आहेत. निरभ्र, तुमचा प्रश्न मी स्वतःला विचारला. शेजारच्या मुलीला गणित शिकवताना मला अजून पूर्वीसारखाच आनंद होतो, आणि पायवाट यांनी विचारले होते त्याचेही उत्तर त्यातच आहे. गेल्या दोन रविवारी तिच्याबरोबर तिच्या दोन मैत्रिणीही आल्या होत्या.

रजेच्या अटी लेखी मागितल्या. ‘पुढच्या तिमाहीत बघू’ असे उत्तर आले. त्यामुळे राजीनाम्याचे पत्र लिहून ठेवले आहे, विम्याचे काम झाले की ते देईन. आईला पहिल्यांदा सगळे सांगितले, पार्किंगमधलेसुद्धा. तिने फक्त ‘एवढे दिवस का बोलली नाहीस’ असे विचारले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः उठून माझ्याबरोबर खाली गाडीपर्यंत आली.

बेत आठ महिन्यांवरून चारवर आणला आहे. पहिला महिना घरीच राहीन. त्यानंतर ती यात्रावाट चालावी असे मनात आहे, अगदी सगळी नाही जमली तरी शेवटचा थोडा टप्पा. पायवाट, तुम्हाला एकच विचारायचे आहे : पार्सल केल्यानंतर तुमच्या सॅकचे वजन किती राहिले होते, आणि त्यात काय होते?


उत्तर : पायवाट

पाणी धरून साडेसात किलो. आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त ओझे पाठीवर नसावे असे तिथे सांगतात, आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. अंगावरचे सोडून कपड्यांचे दोन जोड, मोज्यांचे तीन, हलकी स्लीपिंग बॅग, पावसाचा अंगरखा, संध्याकाळी घालायच्या चपला, साबणाची एक वडी, औषधांची पिशवी, विजेरी आणि एक वही. बूट नवे घेणार असाल तर घरी असण्याच्या पहिल्या महिन्यातच घ्या आणि रोज घालून फिरा. शेवटच्या १०० किलोमीटरचा विचार असेल, तर सार्रिया या गावापासून सुरुवात करा. तिथून सांतियागो साधारण ११५ किलोमीटर राहते आणि पाच-सहा दिवसांत निवांत होते. पोचल्याचे प्रमाणपत्र मिळायला तेवढी चालही पुरते, मात्र त्या टप्प्यात पुस्तिकेवर दिवसाला दोन शिक्के घ्यायला विसरू नका.